सूज सांध्यांतली, सूज मेंदूतली

आमवाताच्या, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, माणसाला स्वतःचा सीआरपी पाठ असतो. इतर लोक एकमेकांना शुगर विचारतात, बीपी विचारतात. आमच्या सांधेतज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बायका सीआरपी विचारतात. "तुमचा किती आला?" "२२." "अगं बाई! मेथोट्रेक्सेट वाढवणार बघा आता." मेथोट्रेक्सेट म्हणजे आमवाताचं आमचं नेहमीचं औषध. सीआरपी हे यकृतात तयार होणारं एक प्रथिन. अंगात कुठंही दाह सुरू झाला की रक्तात वाढतं, दाह शमला की उतरतं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. माझी त्याच्याशी ओळख झाली ती चाळिशीत, सकाळी उठल्यावर बोटं वळेनाशी झाली तेव्हा. तेव्हापासूनचा प्रत्येक रिपोर्ट तारखेनिशी फाईलला लावलेला आहे. पतसंस्थेत कॅशला बसणाऱ्या बाईला असली सवय लागतेच. आकडा चढला की मनगटं ठणकणार, उतरला की पोळ्या लाटता येणार, एवढाच त्याचा आणि माझा व्यवहार होता. मग मला लकवा, म्हणजे मेंदूचा स्ट्रोक, आला आणि तीच फाईल मेंदूच्या डॉक्टरांनी मागून घेतली.

गणपती नुकतेच गेले होते. दर वर्षीप्रमाणे सांगलीत घरोघर ताप-खोकला होता. मलाही होऊन गेला होता, अंगात थोडी कणकण उरली होती. डाव्या हातात नोटांचं बंडल धरायचं आणि उजव्या अंगठ्यानं मोजायचं ही माझी पद्धत. त्या सकाळी बंडल डाव्या हातातून घसरलं. उचललं, परत घसरलं. दुखत मात्र काहीच नव्हतं, आणि मला तेच चमत्कारिक वाटलं, कारण माझे हात दुखल्याशिवाय कधी काही सोडत नाहीत. खिडकीपलीकडचे खातेदार म्हणाले, "मॅडम, तोंड असं का झालंय?" आमच्या शिपायानं त्याच्या सासऱ्यांचा लकवा पाहिला होता. कुणी पाणी आणलं, ते त्यानं मला पिऊ दिलं नाही. कुणी जवळच्या डॉक्टरांना फोन लावायला निघालं, तर म्हणाला, "तिथं नको. जिथं स्कॅन आहे तिथंच चला." मॅनेजरसाहेबांच्या गाडीत घालून त्यानं मला मिरजेला आणलं. उपचारांसाठी कर्नाटकातून आणि कोकणातून माणसं या मिरजेला येतात, आम्हाला ती वीसेक मिनिटांवर आहे.

इमर्जन्सीत पहिला प्रश्न नाव-वयाचा नव्हताच. "शेवटच्या ठणठणीत कधी होतात?" हाच प्रश्न तिघांनी तीनदा विचारला. शिपायानं खिशातून व्हाउचर काढलं. मी शेवटची नोंद केली तेव्हाची वेळ त्यावर छापलेली होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, आणि तेही आधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करून. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी जातात असा हिशेब आहे, म्हणून तिथं कुणी सावकाश बोलत नाही. माझ्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. पोटावर सुई टोचायच्या आमवाताच्या इंजेक्शनची मला सवय, हे मात्र शिरेतून, थोडं एकदम आणि उरलेलं तासाभरात. त्याआधी ह्यांची सही घेतली. या औषधानं शंभरातल्या साधारण सहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ह्यांनी विचारलं, "आणि नाही दिलं तर?" डॉक्टर म्हणाले, "हात-पाय परत येण्याची शक्यता कमी होते." ह्यांनी सही केली.

संध्याकाळपर्यंत डावा पाय गादीवरून थोडा उचलता येऊ लागला. हात तसाच पडून होता. बोलणं शाबूत राहिलं ते मेंदूची उजवी बाजू बिघडली होती म्हणून. डावी बिघडली असती तर हे लिहायला बसले नसते.

आयसीयूतली पहिली रात्र म्हणजे दंडाला आवळणारा बीपीचा पट्टा आणि थर्मामीटर. दर चार तासांनी सिस्टर ताप बघायच्या. एकदा ९९.८ आला, लगेच पॅरासिटामॉल दिलं. माझ्या हिशेबी हा ताप नव्हेच, आमवात उसळला की एवढा तर रोजचा. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, इथं ९९.५ च्या वर गेलं की आम्ही सोडत नाही." त्यामागचं कारण पुढं कळलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटांत एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली आले. निम्म्या ठिकाणी नर्सना तीनच गोष्टी काटेकोर पाळायला शिकवल्या: ताप, साखर आणि गिळण्याची तपासणी. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. तरी तीन महिन्यांनी त्या वॉर्डांमधले मृत्यू आणि परावलंबी झालेले रुग्ण मिळून शंभरात पंधरानं कमी निघाले. स्ट्रोकच्या संशोधनात इतका फरक दाखवणारी औषधं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. थर्मामीटर घेऊन रात्री दोनला उठवणाऱ्या सिस्टरवर मी कुरकुरले नाही, पण तेव्हा तिचे आभारही मानले नव्हते. ते नंतर मानले.

गिळण्याची तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. आधी चमचाभर पाणी, मग दोन घोट, प्रत्येक घोटानंतर "आ म्हणा". आवाज ओला, घोगरा येतो का ते ऐकायचं. लकव्यात घशाची एक बाजू सुस्त पडते, पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि खोकलासुद्धा येत नाही. त्यात भर म्हणजे मेंदूला मोठी इजा झाली की पहिले काही दिवस शरीराची प्रतिकारशक्तीच दबते. पुष्कळ रुग्णांना लकवा सोसतो, पण न्यूमोनिया घेऊन जातो, तो या दोन्हींमुळे. मग सगळ्यांना आधीच अँटिबायोटिक का देत नाहीत? ते करून पाहिलेलं आहे. नेदरलँड्समध्ये अडीच हजारांवर रुग्णांवर चाचणी झाली, २०१५ साली तिचा निकाल आला: रुग्णांच्या बरं होण्यात फरक पडला नाही. चमचाभर पाण्याची तपासणी मात्र टिकून आहे. शिपायानं त्या सकाळी पाण्याचा ग्लास का अडवला असेल, ते तो अजून नीट सांगू शकत नाही. सासऱ्यांच्या वेळी कुणीतरी ओरडलं होतं म्हणे.

तिसऱ्या दिवशी मेंदूचे डॉक्टर फाईल घेऊन कॉटशी बसले. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. आदल्या आठवड्यात काही ताप-खोकला? आणि आमवात किती वर्षं? दोन्ही उत्तरं त्यांना अपेक्षितच होती असं दिसलं. इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २००४ साली निघालेला निष्कर्ष त्यांनी सांगितला: श्वसनमार्गाचा संसर्ग झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत लकव्याचा धोका नेहमीच्या तिपटीला पोचतो आणि मग हळूहळू उतरतो. हा झाला तात्कालिक धक्का. आमवातासारखा वर्षानुवर्षं चालणारा दाह वेगळंच काम करत असतो. माझ्या मानेच्या सोनोग्राफीत उजव्या कॅरोटिड धमनीत चरबीचा थर दिसला होता, निम्म्याहून कमी अडथळा, ऑपरेशन लागणार नाही इतका. पण थर किती जाड यापेक्षा तो किती खवळलेला, हे जास्त महत्त्वाचं असतं. धमनीच्या भिंतीत साठलेली चरबी खायला पांढऱ्या पेशी शिरतात, खाऊन खाऊन तिथंच मरतात, वरचं आवरण पातळ करणारी द्रव्यं सोडतात. ते आवरण फाटलं की रक्ताला वाटतं जखम झाली, आणि गुठळी धरते. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं म्हणूनच सांगून ठेवलं आहे, की आमवाताच्या रुग्णाचा हृदय-रक्तवाहिन्यांचा धोका नेहमीच्या तक्त्यावरून काढावा आणि दीडनं गुणावा.

मी त्यांना जे विचारलं ते आमवाताचा कुठलाही जुना रुग्ण विचारेल. आता मेंदूत सूज आहे म्हणता, मग स्टेरॉइड द्या की! मला माहीत आहे ना ती गोळी. रात्री घेतली तर सकाळी हाताची मूठ वळते. सांध्यात इतकी चालते तर डोक्यात का नाही?

"नाही चालत," ते म्हणाले. "लकव्यात मेंदू फुगतो तो आधी उपासमारीनं. पेशींना रक्त मिळत नाही, त्यांचा पंप बंद पडतो, पाणी आत शिरतं. त्या सुजेवर स्टेरॉइड काम करत नाही. वर साखर वाढवतं, जंतुसंसर्गाला रान मोकळं करतं. देऊ नका असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय." मग त्यांनी पुढचा क्रम सांगितला. पेशी फुटतात, त्यांच्यातला मालमसाला बाहेर सांडतो. मेंदूत कायम मुक्कामाला असलेल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी काही मिनिटांत जाग्या होतात. काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन थडकतात, रक्त आणि मेंदू यांच्यामधला बांध झिरपू लागतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते. कवटीत तर जागा नाही. झटका मोठा असेल तर हाड काढून मेंदूला जागा करून द्यावी लागते. माझा तेवढा मोठा नव्हता, म्हणून फक्त पहारा.

"मग या पांढऱ्या पेशींना अडवता येत नाही?"

डॉक्टर सांगलीचेच. त्यांनी २०१९चा पूर काढला. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला जेसीबी आले होते. गाळ निघाला, पण कुणाची चौकट गेली, कुणाच्या कुंपणाची भिंत गेली. तरी ते आले नसते तर त्या गल्ल्यांत परत राहायला जाता आलं नसतं. मेंदूतही असंच, म्हणाले. पहिल्या दिवसांत याच पेशी धडधाकट भाग मोडतात, आणि पुढच्या आठवड्यांत मेलेला भाग उचलून नव्या रक्तवाहिन्यांना, नव्या जोडण्यांना वाट करून देतात. अडवायचं म्हटलं तर कधी अडवायचं हा खरा प्रश्न.

यावर मला खूप दिवस काम मिळालं, कारण माझी भाची औषधनिर्माणशास्त्रात पीएचडी करते आहे आणि मला झोप येत नव्हती. ती फोनवर वाचून दाखवायची. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू न देणारं एन्लिमोमॅब नावाचं औषध होतं. प्राण्यांत छान चाललं. ६२५ माणसांवर चाचणी घेतली, २००१ साली निकाल आला: ज्यांना औषध दिलं त्यांची अवस्था न दिलेल्यांपेक्षा वाईट, ताप आणि संसर्ग जास्त. हे सगळं वाचल्यावर भाची म्हणाली, "मावशी, बोस्टनचं काम बघ." तिथल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली उंदरांवर दाखवलं, की बांध झिरपायला लावणारं जे एन्झाइम पहिल्या दिवशी घातक असतं, तेच सातव्या दिवशी बंद केलं तर मेंदूची दुरुस्ती खुंटते. तारीख बदलली की एकाच द्रव्याचं काम बदलतं. कॅशियरला हे पटकन पटतं. एकच चेक तारखेआधी आला तर परत जातो आणि तारखेला आला तर वटतो.

वॉर्डात हलवल्यावर भेटायला माणसं येऊ लागली. आमच्याकडे लकवा म्हटलं की कबुतर आलंच. कबुतराच्या रक्तानं मालिश करायची, ऊबदार रक्त नसा मोकळ्या करतं, असं एक नात्यातले काका फारच आत्मविश्वासानं सांगत होते. ह्यांनी त्यांना चहाला खाली नेलं. आत्याबाई हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेऊन आल्या, डब्यावर 'सूज कमी करते' असं ठळक छापलेलं. आत्याबाईंना मी दुखवत नाही, पण डॉक्टरांना विचारून घेतलं. फोडणीतली हळद खुशाल खा, ते म्हणाले, पण कॅप्सूल नको. हळदीच्या अर्कानं यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत आणि मेथोट्रेक्सेटमुळे माझ्या यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं. कॅप्सूल घरी कपाटात आहेत. आत्याबाईंना वाटतं मी घेते.

घरी आल्यावरची गोष्ट सगळ्यांत गुंतागुंतीची, आणि सांगायची आहे ती मुख्यतः हीच.

पाय सुधारत होता. काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जायला लागले. फिजिओ मॅडम आठवड्यातून ठरलेल्या दिवशी यायच्या, बाकीचे दिवस मुलगी करून घ्यायची. हातात थोडी हालचाल दिसू लागली होती, अंगठा आणि तर्जनी जवळ यायची. पहिले तीन महिने हातचे जाऊ द्यायचे नाहीत, मेंदू तेव्हाच सर्वांत जास्त नव्यानं शिकतो, असं मॅडमचं रोजचं पालुपद. आणि अशात एका सकाळी डावा पंजा टम्म फुगलेला. चकचकीत, लालसर, हाताला गरम. मनगट वाकवलं की डोळ्यांत पाणी. खांदा तर उचलूच देईना.

मी म्हटलं, आमवात उसळला. घरातले म्हणाले, लकवा पुन्हा आला. मॅडमनी दोन्ही पंजे शेजारी शेजारी मांडून फोटो काढला आणि सांधेतज्ज्ञांना पाठवला. ते फोटो बघूनच म्हणाले, "आमवात सहसा दोन्ही हातांना धरतो. उजवा हात बघा, शांत आहे." दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. सीआरपी ४. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं झालं, की पंजा फुगलेला आणि आकडा खाली. म्हणजे ही सूज माझ्या ओळखीची नव्हती.

याला खांदा-पंजा सिंड्रोम म्हणतात. लकवा झालेल्या बाजूचा खांदा सैल पडतो, सांधा निम्मा खाली सरकतो, कुणी बगलेत हात घालून उठवतं, कुणी हाताला धरून ओढतं, आणि त्या बाजूच्या नसा आणि रक्तवाहिन्या भलतंच वागू लागतात. आमच्याकडे येणारा प्रत्येक प्रेमळ माणूस मला बगलेत धरूनच उठवत होता. मॅडमनी दाराजवळ कागद चिकटवला: 'काकूंचा डावा हात ओढू नये. उठवताना कमरेला धरावे.' पाहुणे चपला काढता काढता वाचायचे आणि मग माझ्याशी जरा दबकून वागायचे.

आणि औषध? स्टेरॉइड! मी डॉक्टरांकडे बघतच राहिले. मेंदूसाठी मागितलं तेव्हा नाही म्हणालात, आता पंजासाठी स्वतःहून लिहिताय. ते हसले. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत लकव्यानंतरच्या याच त्रासावर २००६ साली तुलना झाली आहे. ३० जणांना प्रेडनिसोलोन दिलं, ३० जणांना पायरॉक्सिकॅम ही साधी सूज-वेदनेची गोळी. पहिल्या गटात २५ जण सुधारले, दुसऱ्यात ५. मला दोन आठवडे पूर्ण डोस, मग उतरता. साखर रोज तपासायची, बीपी दोन वेळा. आठवड्याभरात पंज्यावरच्या सुरकुत्या परत दिसू लागल्या. बांगडी पुन्हा हलायला लागली तेव्हा मुलीनं मॅडमना फोन केला.

एकाच देहात तीन सुजा, आणि एकच गोळी एकीवर चालते, दुसरीवर घातक ठरते, तिसरीवर पुन्हा चालते. 'सूज कमी करा' असं सरसकट सांगणाऱ्याला मी आता विचारते, कुठली? आणि कितव्या दिवसाची?

सुजेच्या गोळ्यांचा आणखी एक हिशेब व्हायचा होता. मेंदूच्या डॉक्टरांनी माझा औषधांचा डबा मागवला आणि टेबलावर ओतला. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे एका बाजूला सरकवलं. डायक्लोफेनॅकची पट्टी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. आमच्याकडे ही गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, कंबर धरली, दाढ दुखली, गुडघा बोलला की घेतात. ती सांध्यातली सूज उतरवते खरी, पण बीपी वाढवते, अंगात पाणी धरून ठेवते, आणि हृदयविकार व लकवा दोन्हींचा धोका वाढवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ साली या गटातल्या गोळ्यांवरचा इशारा आणखी कडक केला. "एकदा लकवा आलेल्या माणसानं ही घ्यायचीच नाही," डॉक्टर म्हणाले. दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर मुळात आमवाताचं औषध अपुरं पडतंय असं समजायचं. माझ्या मते एवढी एक गोष्ट आमवाताच्या प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर लावायला हवी.

डब्यात नव्यानं आलं ते अ‍ॅस्पिरिन, बीपीची गोळी आणि अ‍ॅटोरवास्टॅटिनचा मोठा डोस. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली ठेवायचं. स्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरवतं आणि बरोबर सीआरपीही उतरवतं. कोलेस्टेरॉल फार नाही पण सीआरपी २ किंवा जास्त आहे अशा १७,८०२ लोकांना घेऊन ज्युपिटर नावाची चाचणी झाली होती. २००८ साली निकाल आला, रोसुवास्टॅटिन हे दुसरं स्टॅटिन घेणाऱ्यांत लकव्याचं प्रमाण जवळपास निम्मं.

तेव्हा भाचीनं माझी जुनी फाईल दुसऱ्याच मापानं पाहिली. हृदयाच्या धोक्यासाठी सीआरपी बारीक मोजतात. १ च्या खाली धोका कमी, ३ च्या वर जास्त. आमवातात ५-६ आला की आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवतो. हे मापटं आमवात नसलेल्या लोकांसाठी बनवलेलं, माझ्यावर जसंच्या तसं लावायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं. तरी तो ५ आता मला पूर्वीसारखा दिसत नाही.

मग मला वाटलं, मी मेथोट्रेक्सेट घेतेच आहे, दाह दाबणारंच औषध, त्यानं माझ्या धमन्या राखल्या नसतील का? आमवाताच्या रुग्णांत हे औषध घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो असं निरीक्षणांत दिसलेलं आहे. पण आमवात नसलेल्या हृदयरुग्णांना ते मुद्दाम देऊन पाहिलं, ४,७८६ जणांना घेऊन, तेव्हा २०१८ साली निकाल आला की काही फरक नाही, सीआरपीसुद्धा उतरला नाही. त्याच्या आदल्या वर्षी कॅनाकिनुमॅब या महागड्या इंजेक्शननं हृदयविकाराचा झटका आलेल्यांत पुढचे धोके १५ टक्क्यांनी कमी केले होते, पण सोबत जीवघेणे संसर्ग वाढवले.

राहिलं कोल्चिसिन. हे वातरक्ताचं, म्हणजे गाउटचं, जुनं औषध, स्वस्त. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांची फुलं येतात ती कळलावी, तिच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असतं. हृदयविकारात अर्धा मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळीनं फायदा झाला, म्हणून लकव्यावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. दोन्हींचे निकाल २०२४ साली आले. चीनमध्ये ८,३४३ रुग्णांत तीन महिन्यांत पुन्हा लकवा येणाऱ्यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ६.३ टक्के आणि न घेणाऱ्यांत ६.५. युरोप-कॅनडातल्या चाचणीत पुन्हा लकवा किंवा हृदयविकार असे मिळून आकडे जरा बरे होते, ९.८ टक्के विरुद्ध ११.७, पण करोनाच्या काळात पैसे आटले, ती ठरल्याआधी संपवावी लागली आणि फरक सिद्ध झाला नाही. हे मी चहाच्या वेळी मोठ्यानं वाचलं तर कबुतरवाले काका म्हणाले, "कळलावी आमच्या बांधावर ढीगभर आहे." त्यांना तिथल्या तिथं सांगितलं, तिचा कंद माणूस मारतो. ते गप्प झाले, पण मी ह्यांना त्यांच्या मुलाला फोन करायला लावलाच.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत पण चुकवत नाही. दाताच्या डॉक्टरांनी हिरड्यांत खोल खाचा दाखवल्या, पायोरिया. हिरड्यांचा जुना दाह आमवाताशीही जोडलेला आहे आणि लकव्याशीही. दोन बैठकींत खोलवर साफ केलं, अ‍ॅस्पिरिन चालू ठेवूनच. फ्लूची लस दर वर्षी पावसाळ्याआधी घ्यायची. ती मेलेल्या विषाणूची असते, मेथोट्रेक्सेटवरही चालते. थकवा मात्र कुठल्याच रिपोर्टात येत नाही. आमवाताचा थकवा मला माहीत होता, हा त्याहून वेगळा. भाजी निवडताना मध्येच सगळं सोडून आडवं व्हावं लागतं. दोन्हींमागं दाहाचा हात आहे असं म्हणतात, त्यावर गोळी नाही, म्हणून मी दुपारी झोपते आणि कुणाला कारण देत नाही.

संस्थेत परत रुजू झाले आहे, पण कॅशला नाही, कर्ज विभागात. डाव्या हातानं कागद दाबून ठेवता येतो, बटण लावता येत नाही. नोटा मोजायचा सराव घरी करते, कोऱ्या कागदांच्या गड्डीवर.

सध्याचा प्रश्न आमवाताचाच आहे. पोटात घ्यायची तोफासिटिनिब ही गोळी झटक्याआधी माझ्यासाठी ठरत आली होती, आपल्याकडे ती परवडतेही. पण पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत तिच्यामुळे हृदयविकार आणि गुठळ्यांचं प्रमाण जास्त दिसलं, २०२१ साली अमेरिकेत तिच्यावर सगळ्यांत कडक इशारा छापला गेला. लकवा येऊन गेलेल्या बाईला ती बाद. उरतं अडालिमुमॅबचं इंजेक्शन. भारतात २०१४पासून इथंच बनवलेलं मिळतं, तरी महिन्याचा खर्च आमच्या घराच्या हप्त्याएवढा. ते सुरू करण्याआधी अंगात क्षयाचे जंतू दबा धरून नाहीत ना हे बघावं लागतं, कारण दाह दाबला की ते उठतात. सोमवारी कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला मांटूची सुई टोचून घेतली. बुधवारी जाऊन ती जागा मोजून घ्यायची आहे. तिथं उठलेली सूज ५ मिलिमीटरच्या आत असली तर इंजेक्शनच्या पैशांचं बघायला लागायचं, जास्त असली तर आधी क्षयावरचं प्रतिबंधक औषध.